भोपळ्यात राहिलेलं बी

माझ्या भोपळ्यात बी राहिलं असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्या घरचं पाणी पीत नाही. पन्नास वर्षं भीमेच्या काठी तंबोऱ्याचे भोपळे पिकवतोय. इतर लोक अख्खा भोपळा विकतात. मी वाळवून, कापून, गर आणि बिया काढून, आतून हात फिरवून मगच देतो. आमच्या आजोबांच्या वेलाला एकदा एवढा भोपळा लागला होता की पुरात नवरा, नवरी, करवली आणि सनईवाला असे चौघं त्यात बसून पलीकडे गेले. मध्यावर सनईवाल्याने सूर लावला आणि भोपळा असा घुमला, की पलीकडच्यांना वाटलं वऱ्हाड पोचलं. त्यांनी अक्षता टाकल्यासुद्धा. हे ज्याला पटत नसेल त्याने पुढे वाचू नये. पुढचं याहून अवघड आहे, आणि ते खरं आहे.

भोपळे मिरजेला न्यायला पूर्वी ड्रायव्हर असायचा. बिड्या फुंकायचा, पण पोचवायचा. आता बिनड्रायव्हरचा टेम्पो येतो. त्याच्या कॅमेऱ्याला भोपळे म्हणजे माणसांची डोकी वाटतात. सांगोल्याच्या अलीकडे तो रस्त्याकडेला उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "एकसष्ट प्रवासी जास्त आहेत. कृपया उतरा." प्रत्येक भोपळ्यावर गोणपाट घातलं तेव्हा गाडी हलली. या शहाण्या यंत्रांना वरून सगळं दिसतं, आतलं दिसत नाही. म्हणा, मला तरी कुठे दिसलं होतं?

मिरजेतलं माझं जुनं गिऱ्हाईक म्हणजे दस्तगीर. बाप तंबोरे करायचा, हाही करतो. दस्तगीरची ख्याती जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीवरून जातात, तिच्या पाठीला कानशीने इतका हलका उतार द्यायचा की तार तिथून निसटतानिसटता घोडीला नुसती चाटून जावी. तो उतार साधला की एका तारेतून दहा सूर उठतात, मधमाश्यांचं पोळं जागं झाल्यासारखे. कानशीचा एक हात कमी, तर आवाज मुका. एक हात जास्त, तर चरचरीत. ही जवारी. तिला मोजपट्टी नाही. आजकाल मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो, पण ज्यांना कान आहेत ते अजून दस्तगीरकडे येतात.

आणि दस्तगीर होता कसा? संथ. इतका, की त्याला "चहा घेणार?" विचारावं, आपण पिऊन कप विसळावा, मग तो "हो" म्हणायचा. चौदा वर्षांमागे त्याच्या गळ्यात गाठ झाली आणि डॉक्टरांनी थायरॉईड ग्रंथी मुळासकट काढली. फुलपाखराएवढी ग्रंथी ती, गळ्यात बसून सबंध अंगाची चाल ठरवते. काळीज किती वेगाने ठोकायचं, अंगात ऊब किती, डोकं किती धावायचं, सगळं तिच्या एका रसावर. ती गेली की तो रस रोज गोळीतून घ्यायचा, जन्मभर. दस्तगीरची बायको मेहरूनभाभी रोज पहाटे गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची. तरी त्याचा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर वैशाखात अंगात स्वेटर. डॉक्टर डोस वाढवत गेले. अहवाल काही सुधारेनात.

"तात्या, माझ्या नवऱ्याला औषध लागू पडत नाही," भाभी मला सांगायची. "घरात माणूस आहे की घडवंची, कळत नाही. मी दिवसभर भिंतीशी बोलते. भिंत निदान पोपडे तरी टाकते."

चौदापैकी दहा वर्षं उलटली असतील तेव्हाची गोष्ट. मी कारखान्यात बसलो होतो. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर दस्तगीरच्या बापाचा तंबोरा टांगलेला. त्याचा भोपळा माझ्या बापाच्या मळ्यातला, मागून जरा तडकलेला. भोपळा दिसला की मी टिचकी मारतोच, खोड आहे. मारली. आतून खुळखुळ वाजलं.

"दस्तगीर! यात बी राहिलंय!"

माझ्या बापाच्या भोपळ्यात बी! तो तंबोरा उतरवून मी उलटा केला आणि हलवला. मागच्या तड्यातून पांढऱ्या बारीक गोळ्या टपाटप पडल्या. पाच, दहा, मूठभर.

दस्तगीरने कानस खाली ठेवली. "दार लोटा तात्या."

"हे काय रे?"

"सकाळची गोळी. मेहरून समोर असते तेव्हा गालात धरतो. इथं आलो की आत टाकतो."

"कधीपासून?"

"दहा वर्षं झाली. पहिले तीन महिने खाल्ली की. पण कानस धरली की हात पळायचा. जवारीला मेलेला हात लागतो तात्या. गोळी सोडली, हात थंड पडला, आणि जवारी आली."

"अरे, मरशील!"

"दहा वर्षं मेलो का?" तो म्हणाला. मग बापाच्या तंबोऱ्यावर माझा हात ठेवून त्याने शपथ घातली. मी गप्प राहायचं.

एवढ्यात भाभी नाचणीची खीर घेऊन आली. रोज सकाळी कारखान्यात खीर यायची, दुधातली, घट्ट. नेमकी किती वाजता ते कुणी सांगू शकलं नसतं; एके दिवशी नऊला, दुसऱ्या दिवशी साडेअकराला. मला वाटायचं, या घरात घड्याळच नाही. वाटी आली की दस्तगीर कानस ठेवायचा, खीर खायचा, आणि त्या दिवसाचं काम संपायचं. मी गोळ्यांवर पाय ठेवून बसलो. भाभीने माझ्या पायाकडे पाहिलं, दस्तगीरकडे पाहिलं, आणि आत गेली.

मी शपथ पाळली. गप्पा मारणाऱ्या माणसाने नको ती एक गोष्ट पाळली, तीही नेमकी चुकीची.

*

चार वर्षांनी, दसऱ्याच्या सुमारास, मिरजेतल्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर सम्यका मगदूम घरी आल्या. पस्तिशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं भरभर. सगळ्यात मोठा डोस देऊनही ज्यांना गुण येत नाही अशा रुग्णांची त्यांनी यादी काढली होती. दस्तगीर पहिल्या नंबरावर. भोपळ्याचं तोंड मोजायला मीही तिथे होतो.

"आम्ही तुम्हाला गोळी देणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमची ग्रंथीच परत देणार आहोत. तुमच्याच अंगातून वाढवून."

"माझ्या अंगात उरलंय काय?"

"चरबी. पोटावरची चमचाभर पुरे."

त्यांनी समजावून सांगितलं ते मला इतकं कळलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीकडे सगळ्या अवयवांची पोथी असते, पण ती आपलंच पान वाचते. काळजाची पेशी काळजाचं, कातडीची कातडीचं. चरबीत मात्र काही मूळपेशी असतात, ज्यांनी अजून पक्कं पान धरलेलं नसतं. मोठेपणीही त्या तशाच थांबलेल्या. प्रयोगशाळेत त्यांना एकापाठोपाठ एक इशारे द्यायचे, जसे गर्भात मिळतात तसे: आधी अन्ननलिकेकडे वळ, मग गळ्याकडे, मग दोन ठरावीक प्रथिनं जागी करून सांगायचं, आता तू थायरॉईड. इशाऱ्यांचा क्रम चुकला तर फुप्फुस होतं, नाहीतर काहीच होत नाही. सहासात आठवड्यांनी पेशी आपणहून गोल बसू लागतात, आणि मधे पोकळी धरतात. त्या पोकळीत रस साठतो.

हे सांगताना त्यांनी फोनवर चित्र दाखवलं. मी उडालोच. गोलगोल, आतून पोकळ, एकाला एक लागून. भोपळ्यांचा मळा! कुणी म्हणेल म्हाताऱ्याला जिकडेतिकडे भोपळे दिसतात. पण डॉक्टरीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या भाषणात सांगते हे."

"आणि पळत सुटली ग्रंथी तर?" दस्तगीरने विचारलं. त्याच्या मानाने फारच लवकर.

"नाही सुटत. मेंदूच्या खाली एक मुकादम ग्रंथी असते. रक्तातला रस कमी पडला की ती हुकूम सोडते, पुरेसा झाला की गप्प बसते. हुकूम थांबला की थायरॉईडही थांबते. तरीही या पेशींमध्ये आम्ही एक कळ बसवली आहे. काही बिघडलंच, तर एक कॅप्सूल द्यायची. आठवड्यात त्या सगळ्या विरून जातील. मात्र पुन्हा वाढवता येणार नाहीत. एकदाच."

दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? भोपळा? आणि दारात भाभी पदराचं टोक मुठीत धरून उभी. चौदा वर्षांत मी तिच्या तोंडावर असं काही पाहिलं नव्हतं.

"करा," दस्तगीर म्हणाला.

*

पुढच्या फाल्गुनात मी गेलो तर गल्लीच्या तोंडाशीच दस्तगीर भेटला. स्वेटर नाही. बाह्या वर, डाव्या कोपराखाली बोटभर व्रण. तिथेच कातडीखाली ग्रंथी ठेवली होती. टेम्पो थांबायच्या आत त्याने भोपळे उतरवायला सुरुवात केली.

"तात्या उशीर केलात, बसा, नको बसू नका, चला, हा भोपळा बघा, याचं तोंड लहान आहे, चहा घेणार? मेहरून, चहा!"

मी घेणार म्हणेपर्यंत तो मागच्या दारी जाऊन आला होता. घराला नवा रंग. नळ बदललेले. भाभीचं शिवणयंत्र उघडून, पुसून, पुन्हा बसवलेलं, दोन स्क्रू उरलेले. भाभीच्या अंगावर नवी साडी, चेहरा उजळ. "काल आम्ही दर्ग्याला चालत गेलो," ती मला म्हणाली. "रस्ताभर बोलत होते. काय बोलत होते विचारू नका, निम्मं मलाही कळलं नाही. पण बोलत होते."

पण कारखान्यात गेलो आणि चहाचा कप खाली ठेवला. फळीवर पाच घोड्या ओळीने पडलेल्या. पाचही वाया. पाठी खोलगट झालेल्या, जणू कुणी नखांनी ओरबाडल्यात.

"काय झालं रे?"

दस्तगीर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याची बोटं मांडीवर तबला वाजवत होती आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. "थांबता येत नाही. हात म्हणतो अजून एक, अजून एक. कान म्हणतो थांब, तोवर हात तीन मारून मोकळा. छाती सारखी धडधडते. झोप दोन तास. तात्या, धारवाडच्या बाईंची जोडी आहे."

धारवाडच्या बाई म्हणजे ऐंशीच्या पुढच्या गायिका. वयाने आवाज दोन सूर खाली उतरलेला. त्या उतरलेल्या आवाजाला जुने तंबोरे चालेनात. अक्षय्यतृतीयेला शेवटचं एकदा गायचं आणि थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी तंबोऱ्यांची नवी जोडी सांगितली होती. घोड्यांसाठी आता शिंगाचा एकच जुना तुकडा उरला होता, दस्तगीरच्या बापाने जपून ठेवलेला. त्यातून दोनच घोड्या निघणार. त्याही गेल्या असत्या, तर दस्तगीरच्या हातात फक्त रंग द्यायचा ब्रश उरला असता.

"कॅप्सूल घेणार," तो हळू म्हणाला. "ग्रंथी मारणार. उद्या. मेहरूनला सांगायचं नाही. तुम्ही चला बरोबर."

"अरे, पुन्हा तसाच होशील. घडवंची."

"होईन. जवारी तर येईल."

"आणि ती?"

त्याची बोटं थांबली. मग दुप्पट वेगाने वाजू लागली. आत भाभी काहीतरी गुणगुणत होती. या घरात मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

*

डॉक्टर मगदूम यांनी कागद पुढे ठेवला. दस्तगीरने पेन उचललंही. पण त्या म्हणाल्या, "सहीच्या आधी रक्त. पौष महिन्यातली तपासणी तुम्ही चुकवलीत. मार्गशीर्षातली मात्र झकास होती."

हल्ली रक्ताचा अहवाल पंधरा मिनिटांत येतो. तेवढ्या वेळात दस्तगीरने खोलीतल्या फरश्या मोजल्या, दोनदा. मगदूमबाईंनी पडद्यावर आकडे पाहिले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पुन्हा पाहिले.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "रक्तात रस दुपटीहून जास्त. पण तुमची ग्रंथी गाढ झोपलीय."

"झोपलीय? मग मी का जागा आहे?"

"ऐका. ग्रंथी काम करते तेव्हा तिच्या कोठारातलं एक प्रथिन थोडं रक्तात सांडतं. पिठाची गिरणी चालू असली की आसपास पीठ उडतंच, तसं. तुमच्या रक्तात ते जवळजवळ नाही. मुकादमाचा हुकूमही बंद. म्हणजे गिरणी बंद, पण घरात पिठाचा ढीग. पीठ कुठून तरी बाहेरून येतंय." त्या दस्तगीरकडे रोखून बघत होत्या. "तुम्ही गोळी घेता अजून? शस्त्रक्रियेनंतर बंद करायला सांगितली होती."

"गोळी? मी?" दस्तगीर उसळला. "बाई, मी आधीसुद्धा कधी घेतली नाही, आता कशाला—"

आणि थांबला.

मला खोकला आला. खोटा होता, पण फार वेळ टिकला.

"आधीसुद्धा," मगदूमबाई अगदी सावकाश म्हणाल्या. "म्हणजे किती आधी?"

मग शपथ मोडली मीच. भोपळा, तडा, गाल, सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तीन वर्षांचं संशोधन, यादीतला पहिला रुग्ण, आणि तो गोळ्या तंबोऱ्याला चारत होता!

"मी तुम्हाला औषध लागू न पडणारा माणूस म्हणून जगभर दाखवलंय!"

"लागू पडत नव्हतंच की," दस्तगीर पुटपुटला. "पोचतच नव्हतं."

बाई ओरडणार होत्या. पण तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काहीतरी त्यांच्या डोक्यात वळलं असावं. त्यांनी जुने अहवाल काढले, एकामागून एक, चौदा वर्षांचे.

"ग्रंथी नाही. गोळी नाही. अशा माणसाचं शरीर काही महिन्यांत थंडावत जातं, आणि एक दिवस तो उठत नाही. तुमच्या रक्तात दर वेळी थोडा रस आहे. कमी, पण आहे. चौदा वर्षं तुम्ही जिवंत कसे?"

"अल्लाची मर्जी."

"असेल. पण ती रक्तात उतरायला कुणाचा तरी हात लागतो." त्यांनी कागद ओढून घेतला, सहीविनाच. "सकाळी उठल्यावर तुमच्या तोंडात पहिलं काय जातं?"

"आता? लिंबू-मधाचं पाणी."

"आणि पूर्वी?"

दस्तगीरने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की क्षणभर वाटलं जुना दस्तगीर परत आला.

"खीर," तो म्हणाला. "नाचणीची."

*

मेहरूनभाभी ज्वारी पाखडत होती. आम्ही तिघं दारात उभे पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"मेहरून, तू खिरीत—"

"हो, मी खिरीत. पहिल्याच वर्षी कारखाना झाडताना तंबोऱ्याखाली गोळी सापडली. मग दुसरी. मी भोपळा हलवून पाहिला." फट्‌ फट्‌ सूप चालूच. "तात्यांच्या आधी नऊ वर्षं. तात्या, तुम्ही पाय ठेवून बसला होता ना गोळ्यांवर, तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून आत गेले."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. शरम वाटायला तीच जागा योग्य होती.

"मग बोलली का नाहीस?" दस्तगीर ओरडला.

"बोलले असते तर खीरही भोपळ्यात गेली असती!" आता तिने सूप आदळलं. "एक गोळी तुमच्या गालात ठेवायला, एक खिरीत कुटून घालायला. चौदा वर्षं दोन-दोन पाकिटं आणली मी. कानस तुमची प्यारी, मान्य. पण तुमचं तुम्ही मरायला निघालात तर मी काय तंबोरा भिंतीला टेकवून बसू?"

मगदूमबाई मध्येच म्हणाल्या, "पण भाभी, ही गोळी रिकाम्या पोटी द्यायची असते."

"रिकाम्या पोटीच दिली! खिरीच्या आधी काय खात होते ते?"

बाईंनी डोळे मिटले. मग जपून सांगितलं: गोळीतला रस आतड्यातून शोषला जायला हवा. नाचणीतला आणि दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्याला पकडून ठेवतो. गोळी एकटी, नुसत्या पाण्याबरोबर हवी. खिरीतली निम्म्याहून जास्त वाया गेली. जेवढी लागली तेवढ्यावर माणूस जगला, पण अर्धवट. आम्ही डोस वाढवला, तुम्ही कुटून घातला, नाचणीने खाल्ला.

भाभीचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे... ते संथ झाले ते माझ्या खिरीने?"

"खिरीने जगले," मगदूमबाई म्हणाल्या. "पण शस्त्रक्रियेनंतर गोळी बंद करायची होती भाभी. लिंबाच्या पाण्यात का घातली? तिथे ती सगळीच्या सगळी लागली."

भाभी कितीतरी वेळ ज्वारीत बोटं फिरवत राहिली. दस्तगीर उभ्या जागी पाय बदलत होता. शेवटी ती बोलली ती त्याच्याशीच.

"तुम्ही एक दिवस खीर नको म्हणालात. जड होते म्हणालात. मी म्हटलं, घाला पाण्यात. त्या आठवड्यात तुम्ही मला माझ्या माहेरचं नाव घेऊन हाक मारलीत. चौदा वर्षांनी. मला भीती वाटली, ही ग्रंथी रुसली तर? पुन्हा मुके झालात तर? मग मी आणखी अर्धी घातली. मग..." तिने पदर तोंडाला लावला. "माझं पोट भरेना."

आजवर मी कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंनी बोललो आहे. त्या दिवशी एका बाजूनेही बोललो नाही.

दस्तगीर कारखान्यात गेला. भिंतीवरचा तंबोरा आणला, भाभीच्या सुपावर उलटा धरला आणि हलवत राहिला. ज्वारीवर गोळ्यांचा पाऊस पडला; काही अख्ख्या, काहींचं पीठ. शेवटची गोळी पडेपर्यंत हलवला. मग म्हणाला, "घे. पाखड."

*

मगदूमबाईंनी त्या गोळ्या रीतसर नष्ट करायला नेल्या. मूठभर मी खिशात टाकल्या आणि गावी जाऊन एका वेलाच्या बुडाशी पुरल्या. तो वेल आठ दिवसांत विहीर ओलांडून शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरला आणि त्याची म्हैस रात्रंदिवस पळत सुटली. एवढं एक खोटं आहे. बाकी सगळं तसंच घडलं.

लिंबाच्या पाण्यातली गोळी बंद झाली. बाई म्हणाल्या होत्या, जादाचा रस उतरायला काही आठवडे, मग मुकादम हुकूम सोडेल, ग्रंथी जागी होईल. तोवर कानशीला हात लावायचा नाही. दस्तगीरने तेवढे दिवस कसे काढले ते गल्ली सांगेल. चार शेजाऱ्यांची दारं त्याने रंगवली, दोघांनी मागणी केलेली नसताना.

अक्षय्यतृतीयेला नऊ दिवस उरले असताना मी पुन्हा गेलो. दस्तगीर कारखान्यात बसला होता. अंगात स्वेटर नाही, मांडीवर तबलाही नाही. शिंगाच्या दोन घोड्यांतली एक झालेली, दुसरी तंबोऱ्यावर. त्याने मला मानेनेच बस म्हटलं. लगेच. मला ते फार विचित्र वाटलं.

कानस फिरली. तार छेडली. मुका आवाज. पुन्हा कानस. पुन्हा तार. हात थंड नव्हता, पळतही नव्हता, पण त्याला दोन्ही आठवत होतं. प्रत्येक हातानंतर दस्तगीर दाराकडे बघायचा. मला कळेना. आणखी एक हात. आवाज उघडू लागला, कडेने मध झिरपल्यासारखा. आणखी एक. त्याच्या कपाळावर घाम. कानस पुन्हा घोडीवर टेकली, आणि मी श्वास रोखला, कारण पहिल्या पाच घोड्या इथेच मेल्या होत्या.

आतून भाभी आली. हातात वाटी. नाचणीची खीर.

दस्तगीरने कानस खाली ठेवली. तार छेडली. मी पन्नास वर्षं भोपळे विकले, पण भोपळा इतका भरलेला कधी ऐकला नाही.

आणि मला आठवलं. कधी नऊला, कधी साडेअकराला. या घरात घड्याळ होतं. ते चुलीपाशी उभं राहून कान देत होतं. यंदा खीर बंद झाली तशी दस्तगीरच्या हाताला थांबवणारंच कुणी उरलं नव्हतं.

"तुला कधीपासून कळतं?" दस्तगीरने विचारलं.

"चौदा वर्षं दुसरं काय ऐकायला होतं या घरात?" ती म्हणाली. "पोळं उठलं की मी वाटी आणते. तुमच्या हाताला थांबणं कधी जमलं? गार होईल, खा."

"म्हणजे आजवरच्या सगळ्या—"

"खा म्हटलं ना."

दस्तगीर वाटीकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मग एक चमचा तोंडात घातला, आणि चौदा वर्षांच्या सवयीने तो घास गालातच धरून बसला. गाल फुगलेला, डोळे तिच्या डोळ्यांत. तारा अजून वाजत होत्या.

"गिळा," मेहरूनभाभी म्हणाली. "आत काही नाही. गूळ आहे."

तो गिळेपर्यंत ती दारातून हलली नाही.